निनावी रुग्ण

तिचा पाय त्याच्या चार्जरच्या वायरीत अडकला आणि त्याच्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली ही त्यांची पहिली भेट.

"मारलास माझा पेशंट! ऑनलाइन केस होती. बंद पडलेलं हृदय आत्ता कुठे सुरू केलं होतं."

"मग पुन्हा जिवंत कर... मी थांबते."

थांबली ती थांबलीच. लांब मानेमुळे त्याला सगळे बगळा म्हणत. त्याने तिचं नाव ठेवलं चष्मिश. दोघांच्या वर्गातल्या काहींनी आपणहून एक अभ्यासगट काढला होता. आळीपाळीने कुणीतरी, स्वतःचं आणि रुग्णाचंही नाव गाळून, एक केस इंटरनेटवर टाकायची. बाकीच्यांनी प्रश्न विचारत निदान गाठायचं. त्यात चष्मिशचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"तुला माणसं दिसतात की नुसती लक्षणं?" बगळा चिडवायचा.

"लक्षणं. माणसं फार बोलतात."

"आणि मी गप्प बसलो तर?"

"मग... बघेन एखाद वेळी." आणि ती स्वच्छ चष्मा पुन्हा पुसायला घ्यायची.

एका दुपारी दोघं ग्रंथालयात असताना नवी केस आली. पुरुष, वय चोवीस. गळ्याशी, हाडाच्या वर गाठ, दुखत नाही. झोपेत घामाने उशी भिजते. तिने विचारलं, वजन? उत्तर आलं – पट्ट्याला दोनदा नवं भोक पाडावं लागलं.

तिने झरझर लिहिलं : लसिकाग्रंथींचा कर्करोग, दाट शक्यता. गाठीचा तुकडा तपासावा. आणि इतके दिवस दुखणं अंगावर काढणारा हा शहाणा कोण?

"झालं! सुटली केस," ती ऐटीत म्हणाली.

समोर बसलेला बगळा हसला नाही. पाण्याची बाटली भरायला उठला... पट्ट्याचं टोक लोंबत होतं. शेवटचं भोक वेडंवाकडं, कात्रीने पाडलेलं. आणि एवढ्या उकाड्यात शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं.

ती उठून त्याच्या वाटेत उभी राहिली.

"बगळ्या, बटण काढ."

"इथे? लोक काय म्हणतील?"

"काढ म्हणते ना!"

त्याने काढलं. तिच्या गार बोटांखाली गाठ रबरासारखी हलली. तिने बोटं लगेच काढली नाहीत.

"घरी सांगितलंस?"

"नाही. आधी तुझ्याकडून कळू दे म्हटलं. तू कुणाची भीड ठेवत नाहीस..."

"म्हणून मला हे लिहायला लावलंस? क्षयाचीही असेल रे गाठ. मी घाई केली. मी चुकले असेन... मला चुकायचंय."

"चष्मिश, मला फार भीती वाटतेय."

"मलाही. पण तुकडा काढतील तेव्हा मी दाराबाहेर बसणार."

"निदान बरोबर आलं का ते बघायला?"

"नाही..." तिने चष्मा काढला, पण पुसला नाही. "तू मला हवा आहेस म्हणून."

त्याने तिचा हात धरला. दोघांचेही तळवे घामाने ओले होते.

खाली रुग्णालयात, शल्यचिकित्सा विभागाच्या खिडकीशी कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पेशंटसोबत कोण? नातं काय?"

बगळ्याने तिच्याकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली, "घरचीच."