सँडलमधला खडा

एप्रिलच्या उन्हात जाड मोजे आणि जडशीळ बूट घालून डोंगर चढायला येणारी पोट्टी अख्ख्या रायपुरात एकच होती – चौबे कॉलोनीतली मंजिरी. नवं राज्य होऊन चार वर्षं झाली होती. तिचे बाबा, नरहरी, या नव्या राजधानीतल्या सरकारी कचेरीत होते आणि डोंगर म्हटला की बूटच, असं त्यांनीच बजावलं होतं. अर्ध्या वाटेत टाचेला फोड आला आणि ती दगडावर मटकन बसली.

"दीदी, इतनी गर्मी में जूते?"

समोर दर रविवारी डोंगर चढणाऱ्या त्यांच्या गटातलाच एक तरुण उभा होता, पायात पट्ट्यांच्या सँडल.

"आला मोठा शहाणा," मंजिरी पुटपुटली.

"शहाणा नाही, यशदीप मेश्राम," तो हसला. "उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये आहो. आठवडाभर भट्टीपाशी लोखंडी टोकाचे बूट असतात. रविवारी तरी पायांले हवा नको का?"

हा मराठी निघाला... ती लाजलीच. "मग दीदी काहून म्हटलं?"

"चुकलं. पुन्हा नाही म्हणत."

पुढच्या रविवारी तिच्याही पायात सँडल आल्या. पट्टा दोन बोटं सैल ठेव, उन्हात पाय फुगतात, हे त्यानेच शिकवलं. खोड एकच – मध्येच खडा शिरायचा. मग एका पायावर उभं राहायचं, यशदीपच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि सँडल झटकायची. हळूहळू खडे फारच शिरायला लागले. खरे थोडे, खोटेच जास्त.

"तुलेच कसे एवढे खडे भेटतात?"

"माझे पाय आवडतात त्यांले."

"हं... खड्यांची पसंद चांगली आहे," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

तिच्या पावलांवर उन्हाने पट्ट्यांचे गोरे-काळे पट्टे उमटले. आई दही-बेसन लावून थकली, पण मंजिरीला ते पट्टे जायला नकोच होते. घरी सांगायचं मात्र राहून जात होतं. बाबा पहिल्यांदा आडनाव विचारतील आणि मेश्राम म्हटलं की जात ओळखून पुढचं काहीच ऐकणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

मे महिन्यात तिच्या सँडलचा पट्टा तुटला. यशदीप ती शिवायला घेऊन गेला आणि गुरुवारी संध्याकाळी, न सांगताच, कागदात गुंडाळलेली सँडल घेऊन फाटकाशी उभा राहिला. दारात मंजिरी होती आणि व्हरांड्यात बाबा पेपर वाचत होते.

"मोची की दुकान से आए हो क्या?"

यशदीपने मंजिरीकडे पाहिलं. तिने नुसतं त्याचं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. तिने खाली फरशीकडे पाहिलं.

"हव, बाबा," ती म्हणाली. "दुकानातलाच आहे."

त्या पहिल्या वाक्यानंतर तिच्यासमोर कधी हिंदी न बोललेला यशदीप शांतपणे म्हणाला, "चेक कर लीजिए अंकल, सिलाई पक्की है." आणि गेला.

तीन दिवस तिच्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही. रविवारी तो आला, पण डोंगर उतरेपर्यंत तिच्या पुढेच चालत राहिला.

"खडा शिरला," ती म्हणाली.

तो थांबला आणि नेहमीसारखा खांदा पुढे केला. तिने सँडल झटकली. त्यातून काहीच पडलं नाही.

"खडा नाही. बरेचदा नसायचाच," तिने कबूल केलं.

"माहीत होतं मले."

"मी आज बाबांले सांगते, यश. नाव, आडनाव, सगळं."

"मी मिलच्या रायगढवाल्या प्लांटात बदली मागून घेतली," तो म्हणाला. "उद्या निघून राहिलो."

"माफ नाही करणार?"

"माफ तर तवाच केलं, मंजू. पण तू खाली पाहिलं न... ते विसरता येऊन नाही राहिलं."

मग तो वाकला आणि त्याने तिचा पट्टा बांधून दिला – दोन बोटं सैल. तिला रडू आवरेना. तो बसच्या दिशेने चालू लागला, त्याने मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी व्हरांड्यात बाबा तिची सँडल हातात घेऊन शिलाई निरखत होते.

"काम मस्त केलं त्यानं. त्या पोट्ट्याले माझी चप्पलही देजो."

"तो दुकानातला नव्हता, बाबा."

"मग?"

"यशदीप मेश्राम. माझं प्रेम आहे त्याच्यावर. आणि तो चालला."

बाबांच्या हातातली सँडल तशीच राहिली. ते तिच्याकडे एकटक पाहत होते. या वेळी मंजिरीने खाली पाहिलं नाही.