बाळाच्या वाटेवरची पहिली बाई

पोर्टनेरी गावच्या चर्चपत्रकात त्या रविवारचे वृत्त पुढीलप्रमाणे छापले गेले : "इशबेल व डूगल यांच्या ज्येष्ठ पुत्रास बाप्तिस्म्यासाठी नेताना, प्रथेनुसार, वाटेत सर्वप्रथम भेटलेल्या स्त्रीस केक, चीज व चांदीचे नाणे अशी पुडी देण्यात आली. ही स्त्री म्हणजे एडिंबऱ्याच्या डॉ. मार्सली निकल्सन. भेट सर्वस्वी योगायोगाने घडली."

शेवटचे वाक्य सोडले, तर या वृत्तात खोटे काही नाही.

इशबेलच्या उंबरठ्यावरून चर्च दिसते. सरळ उतार, मधे बेकरी, मग चर्चचे फाटक. बसथांबा नेमका उलट दिशेला आहे. बंदराच्या वर, दम लागेल अशा चढावर. चर्चला निघालेले तान्हे मूल तो चढ चढून बसथांब्यापाशी पोचते, याला पत्रकाचे संपादक योगायोग म्हणतात. उद्या नांगरलेली होडी टेकडीवर सापडली, तर ते वाऱ्याला दोष देऊन मोकळे होतील.

खरी हकिगत शुक्रवारी सुरू झाली, त्याच थांब्यावर. मार्सली बसमधून उतरली तेव्हा भुरभुर लागली होती. माणसांची नावे कुठून आली, हा तिच्या अभ्यासाचा विषय. कॉलेजातली मैत्रीण इशबेल हिच्या बाळाचे नाव ठरवायला तिला मुद्दाम बोलावून घेतले होते. समोर बाह्या सरसावलेला, मेंढ्यांच्या लोकरीचा वास येणारा एक उंच माणूस छत्री घेऊन उभा होता.

"नावांच्या डॉक्टर तुम्हीच ना?"

"हो. तुम्ही?"

"मी गुरांचा. लॅकलन. बाळाचा काका." त्याने तिची बॅग उचलली. "म्हणजे आता घरात दोन डॉक्टर. त्यातला एक तरी उपयोगाचा आहे."

"कोणता, ते अजून ठरायचंय."

तो हसला, आणि छत्री तिच्यावर न धरता पुस्तकांच्या बॅगेवर धरून चालू लागला.

"मी भिजतेय," ती म्हणाली.

"दिसतंय मला. पण पुस्तकं भिजली तर तुम्ही माझ्यावर चिडाल. तुम्ही भिजलात, तर पावसावर."

मार्सली हार मानून भिजतच त्याच्या मागे चालू लागली. तिच्या बाबतीत असे सहसा होत नसे… आणि म्हणूनच ते तिच्या लक्षात राहिले.

घरात मात्र युद्ध पेटले होते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव द्यायचे, ही तिकडची रीत; तिला धरून बाळ हेक्टर व्हायला हवे होते. पण इशबेलचे वडील टॉर्क्विल यांना ती एकुलती एक. हे नाव इथे लागले नाही, तर त्यांच्यामागे ते संपणार. त्यात दुसरी रीत अशी, की पाद्रीसाहेबांच्या तोंडून येईपर्यंत बाळाचे नाव कुणी उच्चारायचे नाही. त्यामुळे दोन्ही म्हातारे नाव न घेता भांडत होते.

"आमचंच लागणार," डूगलचे वडील हेक्टर म्हणत.

"तुमचं ते बाजारात दहाजणांचं आहे," टॉर्क्विल म्हणत. "हाक मारली की निम्मं बंदर मागं वळतं."

शनिवारच्या चहाला टेबलावर, स्कोन-पावांच्या थाळीशेजारी, दुकानातून आणलेली नावांची एक पुस्तिका होती. मार्सलीने ती चाळली आणि तिच्या आवाजातली ऊब गेली. रागावली की ती हळू बोलत असे.

"यातलं प्रत्येक नाव शूर आहे, उमदं आहे, देखणं आहे. एकही भित्रा नाही, एकही कुरूप नाही. एवढे वीर असताना आपण इतक्या लढाया हरलो कशा?"

टेबलाच्या टोकाला लॅकलनने हसू चहात बुडवले. तिथेच ती थांबती तर बरे झाले असते. पण अज्ञान छापलेले दिसले की तिला थांबता येत नसे.

"आणि तुमची दोन्ही नावं अस्सल इथली, असं यात म्हटलंय. हेक्टर हे ग्रीकांकडून आणलेलं उसनं पांघरूण आहे. खालचं जुनं नाव वेगळंच होतं. आणि टॉर्क्विल आणलं लुटारूंनी, समुद्रापलीकडून. अर्थ माहीत आहे? मेघगर्जनेच्या देवाचं पातेलं."

कुणी हसले नाही. दोन्ही नावे घरात मोठ्याने उच्चारली गेली होती, आणि पाळण्यात बाळ जागे होते.

"नाव तोंडातून काढलंस, पोरी," हेक्टर सावकाश म्हणाले.

"तुमचं आधी काढलं," टॉर्क्विल म्हणाले. "म्हणजे तुमचंच बाटलं." मग तिच्याकडे वळून : "बाई, शहाणपण एडिंबऱ्याला ठेवून यायचं होतं."

इशबेलने बाळाला उचलून छातीशी धरले आणि ती रडू लागली. मार्सलीला वादात कुणीही हरवू शकत नसे. या रडण्यापुढे तिने पुस्तिका मिटून बाजूला सरकवली.

तोडगा काढला लॅकलनने. उद्या बाळाला तो नेईल. वाटेत पहिली भेटेल ती बाई पुडी घेईल, तीच नाव ठरवील, आणि फक्त पाद्रीसाहेबांच्या कानात सांगेल. दोन्ही म्हातारे इतक्या चटकन कबूल झाले, की तिथेच संशय यायला हवा होता. रविवारी सकाळी हेक्टर यांची बहीण बेकरीच्या बंद दारात उभी होती, आणि टॉर्क्विल यांची चुलतबहीण चर्चच्या फाटकाला टेकून. दोघी नटूनथटून, दोघी सहज.

मार्सली मात्र वर, थांब्यावर, बसची वाट पाहत होती. निरोपही न घेता निघाली होती. एका घरातला आनंद आपण नासवला. आता या गावात पुन्हा तोंड दाखवायचे नाही, हे तिने पक्के केले होते. त्या छत्रीवाल्यालाही नाही… विशेषतः त्याला नाही.

चढावरून तो धापा टाकत आला. नवे कोकरू धरावे तसे बाळ कोटाच्या आत धरलेले. त्याच्या स्वतःच्या केसांतून पावसाचे पाणी ठिबकत होते.

"चर्च तिकडे आहे," ती म्हणाली.

"लहानपणापासून तिकडेच आहे."

"मग इकडे कुठे?"

"बाळाला समुद्र बघायचा होता."

"बाळ झोपलंय."

"बघून झाला असेल." त्याने खिशातून पुडी काढली. "घ्या. पहिली बाई तुम्ही."

"मी नाही. काल माझ्यामुळे—"

"पुडी नाकारली, तर बाळाला बाधतं म्हणतात. तुमचा विश्वास नाही, ठाऊक आहे. इशबेलचा आहे."

बस येऊन थांबली. ड्रायव्हरने आधी पुडीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "ताई, चढताय, की बारशाला निघालात?"

मार्सलीने पुडी उलगडली आणि केकचा एक तुकडा तोंडात टाकला. ड्रायव्हरने तेच उत्तर समजून गाडी काढली.

पुडी घेणारीने बाळासोबत थोडे चालायचे असते. ती चर्चपर्यंत चालली.

"ठरलं?" उतारावर त्याने विचारले.

"ठरलं."

"सांगा तरी."

"तोंडातून नाव काढायचं नसतं. एक दिवस उशिरा शिकले."

बेकरीपाशी आणि फाटकापाशी दोन बायकांची तोंडे उतरली. आत मार्सली पाद्रीसाहेबांच्या कानाशी वाकली. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग बाळ धरलेल्या काकाकडे, आणि ओल्या बोटांनी बाळाच्या कपाळाला स्पर्श करून म्हणाले, "लॅकलन."

लॅकलनने सवयीने ओ दिली.

सगळे चर्च हसले. इशबेलही, डोळे पुसत, मैत्रिणीचा हात घट्ट धरून. मार्सली खाली जमिनीकडे पाहत होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

दोन्ही आजोबांना आनंद झाला : दुसऱ्याचे नाव लागले नव्हते. तो आनंद चर्चमध्ये गावभरासाठी मांडलेल्या चहापर्यंत टिकला. मग हेक्टर यांनी काठी आपटली.

"माझी बहीण बेकरीपाशी. या टॉर्क्विलची चुलतबहीण फाटकाशी. हा पोरगा मूल घेऊन बसथांब्यावर, आणि नाव याचंच. ही लबाडी आहे."

"नाव मी ठरवलं, यांना माहीत नव्हतं," मार्सली म्हणाली. "त्याचा अर्थ, समुद्रापलीकडून आलेला. तुमच्या दोघांच्या नावांसारखंच. कुणाचा पक्ष नाही."

टॉर्क्विल यांनी तिला निरखले. "हेच खरं कारण?"

"हे… छापण्याजोगं कारण आहे."

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. "आणि तू रे? भेट योगायोगाची होती की नव्हती?"

लॅकलनने कप खाली ठेवला. त्याने उत्तर दिले ते आजोबांना नाही, तिच्याकडे पाहून. सगळ्या गावाने ते ऐकले. पत्रकाने तेवढेच गाळले. म्हणून ते येथे शब्दशः :

"योगायोग नव्हता. आत्या बेकरीपाशी दिसली, म्हणून मी मागच्या दारानं निघालो. होड्यांच्या शेडमागं बाळाला घेऊन लपलो, आणि बायका जाऊ दिल्या. नावाशी मला काही घेणं नव्हतं. हेक्टर ठेवा, नाही तर पातेलं ठेवा. बस सुटायच्या आत मला तुला गाठायचं होतं, मार्सली… आणि रिकाम्या हातानं आलो असतो, तर तू थांबली नसतीस."