बंद गळ्याचा कोट

सकाळी अकराच्या सुमारास बार्शीच्या जुन्या बाजारात शरणम्माने एका अनोळखी तरुणाला कोट घालायला लावला. डिसेंबर १९४६.

कोट तिला वडिलांसाठी हवा होता. महांतप्पांना दमा होता, आणि मोगलाईत कापड मिळणं मुश्किल झालं होतं. म्हणून कळंबहून नागम्मामावशीला घेऊन ती येडशीला गाडीत बसली आणि निजामाची हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात आली. लढाई संपल्यावर लष्कराचे जुने कोट इथं ढिगानं विकायला येत. काहींच्या छातीवर रफू असे.

मावशीनं रफूवर बोट ठेवलं. "मेलेल्या माणसाचा दिसतोय."

"जिता माणूस एवढा चांगला कोट विकंल कशाला?" शेजारच्या ढिगातून कांबळी उपसणारा एक तरुण म्हणाला.

शरणम्मानं त्याच्याकडं पाहिलं, मग कोटाकडं… परत त्याच्याकडं.

"तुमचे खांदे आमच्या अप्पांएवढे हायेत. जरा घालून बघता?"

"अप्पांचं वय काय?"

"पन्नाशीचे असतील."

"म्हंजे मी म्हातारा दिसतो म्हना."

"खांदे म्हनले मी. तोंड कुठं बघितलं अजून?"

त्यानं कोट घातला. तेवढ्या वेळात तोंडही बघून झालं.

त्याचं नाव शांतलिंग. मूळचा नळदुर्गकडचा, येडशीत वीरप्पामामाच्या अडतीवर कामाला. बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायचा. परतताना कोट त्याच्याच अंगावर राहिला, कारण येडशीच्या नाक्यावर हातातलं कापड जप्त होई आणि अंगावरचं सुटे. लष्करी कोट बाईच्या अंगावर चालला नसता. शिपायानं त्याला आपादमस्तक पाहिलं आणि सोडलं.

नाक्यापलीकडं कोट उतरवताना सदऱ्याच्या गळ्यातून त्याच्या इष्टलिंगाची चांदीची डबी बाहेर आली. एका कोपऱ्याला ती चेपली होती.

"चांदी दिसतीय," शरणम्मा हळूच म्हणाली. "दिवस बरे न्हाईत. अप्पांसारखं लिंग कापडात बांधा की गळ्यात."

"आज्जीची डबी हाय. लहानपनी म्याच पाडून चेपवली." त्यानं ती आत सारली. "तरी… तुमी म्हनता तर बांधीन कधीतरी."

पुढच्या वर्षभरात शरणम्माच्या ओळखीपाळखीत बऱ्याच जणांना जुने कोट लागू लागले. कधी चुलत्यासाठी, कधी शेजाऱ्यासाठी. ती कोट निवडायची, शांतलिंग घालून दाखवायचा आणि नाका पार करायचा. ती कॉलर सारखी करायची. हात मानेजवळ गरजेपेक्षा थोडा जास्त राहायचा. मावशी पाठ करून कांदे बघत बसायची.

"हे पोरगं कधी घरचं होणार," ती एकदा म्हणाली, "का निस्तं हमालीच करणार?"

१९४७ च्या दिवाळीनंतर वीरप्पामामा कळंबला जाऊन आले. महांतप्पांनी होकार दिला. त्यानंतरच्या बाजारात शांतलिंग ढिगापाशी नुसताच उभा राहिला.

"आजवर दुसऱ्यांचे घातले," तो म्हणाला. "एखादा… माझ्यासाठी बघा."

तिनं बराच वेळ घेतला. शेवटी बंद गळ्याचा एक तपकिरी कोट काढला आणि गळ्यापर्यंतची सगळी बटणं स्वतः लावली.

"गुदमरतंय."

"गुदमरू द्या. चांदी दिसायला नको कुनाला." तिनं वरचं बटण पुन्हा नीट बसवलं. "हा उतरवायचा न्हाई. मी सांगंपर्यंत."

"आन तुमी कधी सांगणार?"

"घरी आल्यावर," ती म्हणाली, आणि मावशीच्या आड झाली.

लग्न वैशाखात ठरलं होतं. माघात रझाकारांनी कळंबच्या आसपासची गावं जाळली. महांतप्पा कोट घालून, घराला कुलूप लावून, दोघींसह बार्शीला आले आणि धर्मशाळेत राहिले. शांतलिंग आजारी मामाला घेऊन मागून येणार होता. तो आला नाही. वैशाख गेला.

हद्दीपलीकडं लुटलेली भांडी, लुगडी, पाळणेसुद्धा आता जुन्या बाजारात येऊ लागले होते. शरणम्मा रोज फिरून यायची. तपकिरी कोट कुठं दिसतो का, हे ती पाहायची. तो दिसला नाही की धर्मशाळेत येऊन जेवायची.

ज्येष्ठात एका फडक्यावर तिला चांदीची डबी दिसली. कोपऱ्यात चेपलेली. तिनं उघडली. आत काही नव्हतं.

दुकानदारानं सांगितलं, की पलीकडून आलेल्या एका माणसानं गाठोडंच विकलं. तो कोण, कुठला, माहीत नाही. आत लिंग नव्हतंच.

महांतप्पांनी डबी हातात घेतली. माणूस जिवंत असेतोवर लिंग अंगावेगळं करत नाही आणि मेला की ते त्याच्याबरोबरच पुरतात, हे त्यांना तिला सांगावं लागलं नाही. लुटणाऱ्यांनी चांदी ठेवून लिंग फेकून दिलं असेल, असं ते म्हणाले.

"न्हाईतर त्यांनी सोताच ते कापडात बांधलं असंल," शरणम्मा म्हणाली. "मी सांगितलं होतं. बांधलं असंल, आन डबी विकून वाटखर्ची केली असंल."

महांतप्पांनी डबी तिला परत दिली.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. गाड्या सुरू झाल्यावर शरणम्मा आणि मावशी येडशीला गेल्या. अडतीला कुलूप होतं. वीरप्पामामा चैत्रातच वारले होते, असं शेजारी म्हणाले. शांतलिंगाला शेवटचं पाहिलं ते कस्तुराबाईनं. रामलिंगाच्या देवळाच्या वाटेला तिचं शेत आहे. भर उन्हाळ्यात तो तिच्याकडं पाणी प्यायला, एवढं तिला आठवत होतं. ते बाजारात डबी येण्याआधी की नंतर, हे जुळवता येईना.

"गळ्यात काय होतं?" शरणम्मानं विचारलं. "कापड होतं का? पांढरं?"

कस्तुराबाई आठवू लागली. शरणम्मानं मावशीचा हात धरला.

"कसं दिसणार, बाई? एवढ्या उन्हाचा कोट घातलेला. मी म्हनलं, काढ की बाबा, घामानं मरशील. तर म्हनला, काढायची परवानगी न्हाई." तिनं स्वतःच्या गळ्याशी बोट नेलं. "पार गळ्यापर्यंत बटणं लावली होती."

तो रामलिंगाच्या जंगलाकडं गेला. त्यानंतर त्याला कोणी पाहिलेलं नाही.