स्वल्प म्हणजे किती?

कल्पना करा हं, मुलांनो. १९६२ साल. बंगळुराच्या जयनगरात घरांपेक्षा मोकळी मैदानंच जास्त. भुरभुर पाऊस पडतोय. एक तरुणी सायकल ढकलत शाळेच्या कुंपणाजवळून चाललीय, आणि अचानक एक चेंडू थेट तिच्या सायकलच्या टोपलीत...

चेंडूमागे नागनाथ सर धावत आले. पुण्याहून नुकतेच आलेले. मुलींना बेसबॉल शिकवायचे.

"लागलं का तुम्हाला?"

"मला नाही. माझ्या टोमॅटोंना विचारा."

तिचं नाव सगुणा. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली. इस्पितळात दुखऱ्या सांध्यांचे व्यायाम करून घ्यायची.

"एवढ्या लांब फेकला कुणी?"

सरांनी कौसल्येकडे बोट दाखवलं. बारा वर्षांची, काटकुळी पोर.

"मग हिचा खांदा बघायला हवा," सगुणा म्हणाली... आणि येतच राहिली. सर प्रत्येक मुलीला वेगळा सराव देत. सगुणा प्रत्येकीचा हात पाहून वेगळा व्यायाम. मुली घरी गेल्या की दोघं रमतगमत निघत, मध्ये सायकल.

"इथे यायला आवडतं तुम्हाला?" सरांनी एकदा विचारलं.

"स्वल्प," ती खाली बघत म्हणाली.

सरांचा चेहरा उतरला. त्यांच्या मराठीत स्वल्प म्हणजे अगदीच थोडं, जवळजवळ नाहीच. दुसऱ्या दिवसापासून ते कामापुरतंच बोलू लागले. आपलं काय चुकलं, तिला कळेना.

मग दुसऱ्या शाळेशी ठरलेल्या सामन्याचा आदला दिवस आला. चेंडू टाकताना कौसल्येनं खांदा धरला.

"दुखतंय?" सरांनी विचारलं.

"स्वल्प, सर."

"मग टाक."

सगुणानं तिचं मनगट धरलं. "नको."

"अहो, स्वल्प म्हणतेय ती."

"आमच्याकडे पोरं रडायला आली तरी स्वल्पच म्हणतात. फार दुखतं म्हणायला लाजतात. हात वर करून बघा तिचा."

सरांनी हळूच हात उचलला. तो कानापर्यंतही पोचला नाही. कौसल्येनं ओठ चावला.

तिच्यासारखं फेकणारं संघात दुसरं कुणी नव्हतं. ती नसेल तर सामना गेलाच. सरांनी तिचा हात अलगद खाली सोडला.

"उद्या तू खेळायचं नाहीस, बाळ. हात बरा होऊ दे आधी."

कौसल्येचे डोळे भरून आले. सर मात्र एकदम सगुणाकडे वळले.

"म्हणजे... त्या दिवशी तुम्ही स्वल्प म्हणालात, ते—"

"इतक्या उशिरा विचारताय?" तिनं सायकलची घंटी उगाच वाजवली. "तेही तसलंच होतं."

"मग... तुमच्या वडिलांना, अण्णांना भेटायला घरी येऊ?"

"या की. पण ते काहीही म्हणाले तरी 'सरी' म्हणायचं. कन्नडात 'बरं'."

"सरी," नागनाथ सर म्हणाले. आणि दोघंही हसली.

कौसल्येनं बाहीला नाक पुसलं. कडेला राखीव मुलगी बसली होती, ठकू. तिचे चेंडू नेहमी वाकडे जायचे. कौसल्या तिच्याजवळ गेली, चेंडू तिच्या हातात दिला आणि डाव्या हातानं तिची बोटं एकेक करून शिवणीवर बसवली.

"अशी धर गं," ती म्हणाली. "आणि मनगट सैल सोड."