दुसरी शिट्टी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझ्या मामांना थापा मारायची सवय आहे, हे मी आधीच कबूल करतो. गळाला लागून सुटलेला मासा त्यांच्या तोंडून दरवेळी वीतभर वाढतो. पण ही गोष्ट सांगताना ते एक अक्षरही वाढवत नाहीत. आणि मामी तर ती ऐकायला खोलीत थांबतच नाहीत.

मागच्या वर्षीची घटना. पाऊस तोंडावर आलेला, दिवस मावळतीला. जागा गावाबाहेरचा जुना तलाव.

मामा शिलाई मशीन दुरुस्त करतात, पण जीव सगळा गळात अडकलेला. मोठ्या माशाची वेळ एकच, असं त्यांचं ठाम मत. आभाळ भरून यावं, वारा पडावा, हवा जड व्हावी आणि पाऊस अजून सुरू झालेला नसावा. अशा संध्याकाळी तळाचा मोठा मासा काठाशी येतो. मामांचा गुडघा ठणकला की ते रॉड काढायचे.

त्यांचा जोडीदार होता बगळा. उंच, बारीक, तासन्‌तास हलायचा नाही, म्हणून हे नाव. दोघं तलावाच्या वळणाच्या दोन बाजूंना बसत, एकमेकांना दिसत नसत. त्यामुळे ठरलेलं असायचं. मोठा मासा लागला की शिट्टी. पहिल्या शिट्टीला दुसऱ्यानं आपली दोरी गुंडाळायची, गुंता नको म्हणून. दुसऱ्या शिट्टीला हातजाळी घेऊन धावायचं.

त्याच्या आदल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी मामा तापानं फणफणले होते. बगळा एकटाच गेला.

परत आला नाही.

काठावर त्याची जाळी तेवढी सापडली. तो नंतर पाण्यात सापडला.

वर्षभर मामांनी तलावाचं तोंड पाहिलं नाही. शेवटी मामीच म्हणाल्या, चला, मी येते जोडीला. मामांनी त्यांच्याकडून सगळे नियम घोटवून घेतले. फक्त मामींना शिट्टी जमेना. नुसतीच हवा. मग त्यांनी डब्याचं झाकण दगडावर वाजवायचं ठरलं. मासे बहिरे होतील, म्हणून मामा चिडवायचे.

त्या संध्याकाळी वारा पडला. पाणी जागच्या जागी थांबल्यासारखं. पाखरं गप्प... बेडूक गप्प...

आणि शिट्टी आली.

मामांचे हात आपोआप रीळ फिरवू लागले. इतक्या वर्षांची सवय. निम्मी दोरी आत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं...

मामींना शिट्टी वाजवता येत नाही.

दुसरी शिट्टी झाली. पाण्याकडून...

मामा रॉड टाकून वळणाकडे पळाले. दगडावर मामी नव्हत्या. त्यांचा रॉड नीट ठेवलेला, दोरी गुंडाळलेली.

मामी पाण्यात होत्या. कमरेपर्यंत. हातात जाळी धरून शांतपणे पुढे चालल्या होत्या. तिथून थोडं पुढे तळ एकदम खचतो, हे मामांना ठाऊक होतं.

"अगं, थांब."

त्या थांबल्या नाहीत. मागे न बघता म्हणाल्या, "आले हो. धरून ठेवा तुम्ही."

त्या समोर कुणाशी तरी बोलत होत्या.

समोर कुणीच नव्हतं...

मामांना काय सुचलं कुणास ठाऊक. त्यांनी डब्याचं झाकण उचललं आणि दगडावर आपटायला लागले. आपलं झाकण कोण वाजवतंय, हे बघायला मामी वळल्या. मामांना बघून त्या जागीच थिजल्या, मग धडपडत काठाकडे आल्या. मामांनी हात धरून त्यांना वर ओढलं.

मामी त्यांच्या कोरड्या कपड्यांकडे बघतच राहिल्या.

"तुम्ही इथं... मग तिथं पाण्यात उभं राहून मला हात कोण करत होतं?"

पाऊस सुरू झाला. दोघं तसेच घरी निघाले. रॉड तिथंच राहिले.

आता ते तलावावर जात नाहीत. पण आभाळ भरून आलं आणि वारा पडला की घरात बसलेल्या मामी हातातलं विणकाम थांबवतात. लोकर गुंडाळायला लागतात. शांतपणे, शेवटच्या टोकापर्यंत. विचारलं तर म्हणतात, "पहिलीच झालीय अजून."

मामा झाकण घेऊन शेजारी बसतात, पाऊस सुरू होईपर्यंत.

मी म्हणायचो, मनाचे खेळ आहेत.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे होतो. आभाळ भरलं. वारा पडला. मामींनी लोकर गुंडाळून खाली ठेवली आणि दाराकडे निघाल्या...

मामांच्या आधी झाकण मी उचललं होतं. दुसरी शिट्टी मलाही ऐकू आली होती.