सव्वासहाची काप्रीची बोट

हसा लेको, हसा. समुद्र खवळलाय, सकाळशिवाय बोट सुटत नाही, मग तुम्हाला दुसरा उद्योग काय? पण ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या कातेल्लोच्या बाबतीत घडलेली आहे. बोटीवर दोर टाकायचे, तिकिटं फाडायची, हे त्याचं काम. दारूला शिवत नाही, आणि थापा मारायला लागणारी अक्कलही त्याच्याकडे नाही.

१९ जानेवारी, बुधवार. वाऱ्यामुळे दिवसभर नेपल्सहून काप्री बेटाच्या बोटी बंद. संध्याकाळी जरा शांत झालं, तशी सव्वासहाची हायड्रोफॉइल, ती पाण्यावर उचलून पळणारी बोट, सोडली. पुढचे दोन दिवस पुन्हा काही सुटणार नव्हतं.

शेवटी आला कॉस्तांझो. बेटावरच्या अनाकाप्री गावात शंभर पायऱ्या चढून त्याचं घर, घरात तो आणि आई, तिसरं कुणी नाही; भिंती रंगवणारा. आईला दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. नुंझियाता म्हातारी, खुब्याचं हाड मोडलेलं, इस्पितळातून घरी निघालेली. त्याने तिला खिडकीशी बसवलं. तिची मान खाली.

"आजी झोपल्यात वाटतं?" कातेल्लोने विचारलं.

"हं."

"हाक मारून बघ की."

"नको."

झालं, कातेल्लोच्या मनात पाल चुकचुकली. मेलेल्या माणसाला हायड्रोफॉइलवर घेत नाहीत. त्याला कागदपत्रं करून संथ जहाजाच्या तळात, ट्रकांच्या रांगेत आणायचं. आपल्या आईला असं आणायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? म्हणून आपली माणसं मफलर गुंडाळून मेलेल्याला खिडकीशी बसवतात आणि झोपलाय म्हणून सांगतात. आदल्याच वर्षी अशा एका म्हाताऱ्यापायी एका खलाशाची नोकरी गेली होती. कप्तानाला कळलं तर तो बोट माघारी फिरवणार आणि म्हातारी नेपल्सला अडकणार.

बोट पाण्यावर उचलली गेली. कातेल्लोने तीन फेऱ्या मारल्या. म्हातारीची हनुवटी तशीच. कॉस्तांझो समोर बघत बसलेला.

"कॉस्तांझो, खरं सांग. आई..."

"तिला घरी पोचवायचंय."

"ते कळलं रे! पण उद्या माझ्या पोरांना तू जेवायला घालणार का?"

"घरी पोचवायचंय."

तोच आवाज. तेवढाच.

कातेल्लोने वाकून म्हातारीचं मनगट धरलं. गरम होतं. नाडी चालू होती.

म्हातारीने एक डोळा उघडला.

"माझी काय बघतोस, मेल्या?" ती हळूच म्हणाली. "त्याची बघ."

...

कातेल्लोने कॉस्तांझोचं मनगट धरलं. बर्फ. थांबला. पुन्हा चाचपलं.

काही नाही.

"दुपारीच मान टाकली त्यानं," म्हातारी कुजबुजली. "बंदरावरच्या बाकावर. कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. मला तर पाय हलवता येत नाही. मी म्हटलं, बाळा, आता मला घरी कोण नेणार रे?"

"मग?"

"मग... उठला."

कप्तान दहा पावलांवर होता. कातेल्लो गेला नाही. तुम्ही गेला असतात?

काप्रीचा धक्का आला. त्याने दोर टाकला. कॉस्तांझोने आईला उचललं, फळीवरून उतरला, टॅक्सीत बसला. कातेल्लोने तोंड फिरवलं. भीतीने... आणि खरं सांगायचं तर लाजेनेही.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी सात वाजता तो अनाकाप्रीला पोचला, तर पायऱ्यांवर गर्दी. पाव टाकणाऱ्या बाईला कॉस्तांझो सापडला होता. साठाव्या पायरीवर, भिंतीला टेकून बसलेला. डॉक्टर म्हणाले, "हा काल दुपारीच गेलाय."

वर अजून चाळीस पायऱ्या होत्या.

कातेल्लो पळत वर गेला. दार नुसतं लोटलेलं. नुंझियाता आपल्या खाटेवर, गळ्यापर्यंत पांघरूण. डोळे उघडे. ती रडत होती.

"आजी... वर कुणी आणलं तुम्हाला?"

 तिने नुसतं उशाशी बघितलं.

स्टुलावर कॉफीचा कप होता. कातेल्लोने त्याला बोट लावलं...

चटका बसला.