पोचल्याची तारीख

उदगीरच्या स्मारकातलं दामिनीचं काम तसं बिनबोभाट होतं. मोडीतली जुनी पत्रं ब्रशनं झाडायची, वाचायची, पाकिटात घालून पेन्सिलनं नंबर टाकायचा. पत्रं गुरम्माची. गुरम्मा म्हणजे बसवंतअप्पांची विधवा, आणि बसवंतअप्पा म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी निजामाच्या दरबारात रयतेची बाजू मांडणारे पुढारी. त्यांच्या नावानं गावात चौक आहे, शाळा आहे, पुतळा आहे. गुरम्माच्या वाट्याला एक लोखंडी कपाट आणि त्यात एक्केचाळीस पत्रं.

"आमच्या घराण्यानं जिवापाड जपली," असं समितीचे अध्यक्ष विरूपाक्षअप्पा येईल त्याला ऐकवत. हे गुरम्माच्या दिराचे पणतू. स्मारक गुरम्माच्या सासरच्या घराच्या जागीच उभं होतं. त्या जुन्या घरातली माडीवरची एकच खोली शिल्लक होती, तिथं त्यांनी आपलं ऑफिस थाटलं होतं.

सोमवारी भर दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, तशी इमारत एकदम गप्प झाली. दामिनीनं पहिलं पत्र पुन्हा उघडलं आणि टेबलावर चिमूटभर वाळू सांडली. आता त्यात नवल नव्हतं. पूर्वी शाई सुकायला ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकत, तिचे कण अजून सापडतात. पण हे पत्र तिनं सकाळीच झाडून ठेवलं होतं. तिनं वाळू चिमटीत घेतली. ओलसर लागली. बोटं काळी झाली आणि जुन्या शाईतल्या काजळाचा कडवट वास आला.

तिनं पत्र उलटून पाहिलं. पाठ कोरी होती. दुसरं उलटलं, तिसरं उलटलं, एक्केचाळीसही उलटली. सगळी कोरी. पत्र हातात पडलं की घेणारा त्याच्या पाठीवर पोचल्याची तारीख लिहायचा, ही त्या काळची रीत. आणि महिनाभर ही पत्रं हाताळूनही तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नव्हती. गुरम्मानं जळकोटला भावाला लिहिलेली पत्रं तिच्या सासरच्या कपाटात कशी?

गेलीच नव्हती ती. जपली म्हणे! अडवली होती मेल्यांनी, एकूण एक.

तिनं पुन्हा पहिलं पत्र वाचलं. "शरणप्पा अण्णास गुरम्माचे नमस्कार, शरणार्थी. गाडी पाठवावी. माडीच्या दारास बाहेरून कडी असते. मी लिहिते ते पोचते की नाही, कळवावे." अकरा वर्षं ती बाई हेच विचारत राहिली होती. दामिनीच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

ती तशीच माडीवर गेली. विरूपाक्षअप्पा गुरुवारच्या उद्घाटनाचा फलक न्याहाळत होते. त्यावर लिहिलं होतं, 'पतिनिधनानंतर गुरम्मांनी स्वेच्छेने एकांतवास पत्करला.'

"अप्पा, हे खोटं आहे. त्यांना कोंडलं होतं. ह्याच खोलीत."

"ताई, मंत्री येऊन राहिलेत गुरुवारी. आता कशाला भलतं उकरून काढता? मेलेल्या बाईला काय फरक पडतोय?"

"स्वेच्छेने हा शब्द तरी काढा."

"न्हाई. तुम्ही नंबर टाका, बाकीचं आम्ही बघून घेतो."

दामिनीनं खाली येऊन पहिल्या पत्राची झेरॉक्स काढली. शरणप्पाच्या वंशात शिवानी नावाची शिक्षिका जळकोटला असते, एवढं तिला गावातल्या लिंगायत मठातून कळलं होतं. तिच्या पत्त्यावर तिनं ती झेरॉक्स पोस्टानं धाडली. गाडीनं जेमतेम तासाभराची वाट, सव्वाशे वर्षं ह्या पत्रानं कापली नव्हती.

गुरुवारी मांडवात पाहुणे जमले होते. विरूपाक्षअप्पा भाषणाचा कागद आणायला माडीवर गेले होते. तेवढ्यात दामिनीचा फोन वाजला.

"ताई, शिवानी बोलतेय जळकोटहून. पत्र आत्ताच भेटलं. झेरॉक्सच पाठवली होती ना तुम्ही? मग ह्यातनं वाळू कशी सांडली? बोटं लई काळी झाली बघा माझी…"

दामिनीनं आत जाऊन कपाट उघडलं. पहिल्या पाकिटातलं मूळ पत्र काढून उलटलं. कोऱ्या पाठीवर मोडीत आजची तारीख होती. खाली 'पोचले'. शाई अजून चमकत होती. शेपूट मुरडलेला तो 'प' दामिनी महिनाभर वाचत आली होती. अक्षर गुरम्माचंच होतं.

त्याखाली आणखी एक ओळ होती. 'चाळीस राहिली.'

वर दार बडवल्याचा आवाज आला. दामिनी जिना चढून गेली. माडीच्या दाराला बाहेरून कडी होती. जिन्यावर, ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी कडी ओढली, पण ती तसूभर हलली नाही.

"अप्पा, कडी कुणी लावली?"

"काय की…" आतून आवाज आला, घोगरा, दबका. "काढा ताई… लवकर काढा. माझ्या टेबलावर… कुणीतरी लिहून राहिलंय…"

दामिनीचे हात कडीवरच राहिले. खाली मांडवात माइकवर अध्यक्षांचं नाव पुकारत होते. दाराच्या फटीखालून ओली काळी वाळू सरकत बाहेर येत होती, आणि तिच्या पायाशी येऊन थांबत होती.